संदर्भसूची पुन्हा पुन्हा परत येते? एपीए पद्धतीत मराठी स्रोत कुठे अडकतात

प्रबंध लिहून होतो, प्रकरणं मार्गदर्शकांना पसंत पडतात आणि गाडं अडतं ते अगदी शेवटच्या पानांवर. ‘संदर्भ एपीएप्रमाणे करा’ एवढा शेरा घेऊन सूची परत येते. (एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेली संदर्भ देण्याची पद्धत.) दुरुस्त करून दिली की दुसऱ्या खेपेला नव्याच ठिकाणी लाल खुणा दिसतात. असं तीन-तीनदा होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दुरुस्ती स्वल्पविराम-पूर्णविरामांची होते आणि स्रोत ओळखण्यात झालेली चूक तशीच राहते.

त्यात मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. एपीएची सध्या चालू असलेली सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी तयार झाली आहे. शके, दिवाळी अंक, ओवी, शासन निर्णय यांची नोंद कशी करायची हे तिच्यात शोधून सापडणार नाही. नियमाचा हेतू लक्षात घेऊन तो आपल्या साहित्याला लावावा लागतो.

लक्षण: निम्म्या सूचीवर ‘वेबसाइट’ असा शिक्का

इंटरनेटवर सापडलेलं सगळं ‘संकेतस्थळे’ या मथळ्याखाली नुसत्या लिंका देऊन टाकायचं, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. स्कॅन करून ठेवलेलं १९२० सालचं पुस्तक हे पुस्तकच असतं. शोधगंगेवरून, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातून, उतरवलेला प्रबंध हा प्रबंध असतो आणि ई-पेपरमधली बातमी ही वृत्तपत्रातली बातमी. वस्तू कुठे सापडली यावरून तिचा प्रकार ठरत नाही.

कसोटी सोपी आहे. ही वस्तू कागदावर हाती आली असती तर तिला काय म्हटलं असतं? जे म्हटलं असतं त्याच्या नमुन्याने नोंद करा आणि लिंक शेवटी जोडा. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी असतात, ठरलेल्या क्रमाने: कोणी, कधी, काय, कुठे. लिंक हा चौथ्या प्रश्नाच्या उत्तराचा केवळ एक तुकडा आहे.

चारांपैकी एखादी गोष्ट मिळत नसेल तर पर्याय ठरलेले आहेत. लेखक नसेल तर शीर्षक पहिल्या जागी सरकतं आणि वर्ष त्याच्यामागून येतं. वर्ष छापलेलं नसेल तर कंसात ‘वर्ष नाही’ असं लिहा. त्याचा संक्षेप करायचा असेल तर प्रबंधाच्या आरंभी संक्षेपसूचीत त्याची फोड द्या, कारण मराठीत त्यासाठी एकच सर्वमान्य संक्षेप नाही. शीर्षकच नसेल, उदाहरणार्थ जुनं छायाचित्र किंवा हस्तलिखित पत्र, तर चौकटी कंसात त्याचं वर्णन द्या. लेखक आणि प्रकाशक एकच संस्था असेल तर प्रकाशकाच्या जागी ते नाव पुन्हा लिहायचं नाही.

प्रकाशनाचं गाव सातव्या आवृत्तीने काढून टाकलं आहे. ‘पुणे : अमुक प्रकाशन’ यातलं पुणे आता गेलं. हाताला इतकी सवय असते की ते निम्म्या नोंदींत राहतं आणि निम्म्यांत नसतं. मग परीक्षकाला तेच आधी दिसतं. विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमावलीत गाव मागितलं असेल तर मात्र द्यायचं. एपीए आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद झाला की विद्यापीठ जिंकतं.

लक्षण: एकच लेखक सूचीत तीन ठिकाणी, किंवा तीन लेखक एकाच नावाखाली

एपीएत नाव येतं ते आडनाव, स्वल्पविराम आणि आद्याक्षरं असं. मराठीत ते सोपं वाटतं, कारण आपल्याकडे आद्याक्षरांनीच लेखक ओळखण्याची चाल आहे. घोळ होतो तो पुढे.

पदव्या आणि आदरार्थी उपाध्या गळतात. डॉ., प्रा., कै., श्री., तर्कतीर्थ, महर्षी, संत यांपैकी काहीही सूचीत येत नाही. यात अनादर नाही. उपाधी राहिली तर ‘डॉ.’ लावलेले सगळे लेखक ‘ड’खाली जमा होतात आणि सूचीचा उपयोगच संपतो.

टोपणनाव असेल तर पुस्तकावर जे छापलं आहे तेच घ्या. कवितासंग्रहावर कुसुमाग्रज आणि नाटकावर वि. वा. शिरवाडकर असेल तर नोंदीही दोन वेगळ्या नावांनी पडतात. ‘कुसुमाग्रज’मध्ये आडनाव-नाव अशी फोड नाही, म्हणून ते अखंड राहतं, ग्रेस, केशवसुत, लोकहितवादी यांचंही तसंच. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव मात्र आडनावासकट आहे, त्यामुळे ते ‘शिरूरकर, वि.’ असं उलटतं. दोन नावांमागे एकच व्यक्ती आहे हे वाचकाला कळावं असं वाटत असेल तर ते प्रकरणाच्या मजकुरात एका वाक्यात सांगा, नोंदीत नको.

संतांच्या नावांची फोड करू नका. ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ ही नावं तशीच लिहायची. ‘आंबिले, तु.’ असली नोंद नियमाला धरून केल्यासारखी वाटते, पण ती शोधणार कोण?

आता जिथे हमखास चूक होते ती जागा. समीक्षेवरच्या प्रबंधात वा. ल. कुलकर्णी, गो. म. कुलकर्णी आणि व. दि. कुलकर्णी एकत्र येणं अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी मजकुरात नुसतं (कुलकर्णी, १९७५) लिहिलं तर वाचकाने कोणते कुलकर्णी समजायचे? एपीएचा नियम असा आहे की पहिल्या लेखकांचं आडनाव समान असेल तर मजकुरातल्या प्रत्येक उल्लेखात आद्याक्षरं द्यायची, मग वर्षं वेगळी असली तरीही. म्हणजे (वा. ल. कुलकर्णी, १९७५). देशपांडे, जोशी, पाटील, जाधव यांचीही हीच गत. इंग्रजीतल्या नमुन्यांत हा नियम अपवादासारखा एका ओळीत येतो. मराठी सूचीत त्याची गरज पानोपानी पडते.

उलट बाजूने, एकाच व्यक्तीचं नाव वेगवेगळ्या पुस्तकांवर वेगवेगळं छापलेलं असतं. जोतीराव फुले, ज्योतिराव फुले, महात्मा फुले. बाबासाहेब आंबेडकर, भी. रा. आंबेडकर. काटेकोर अर्थाने छापल्याप्रमाणे नाव घ्यायचं असलं तरी मराठी सूचीत एक रूप ठरवून तेच सर्वत्र ठेवणं जास्त चांगलं. नाहीतर एका लेखकाची पुस्तकं सूचीत विखुरतात आणि त्यांचा कालक्रम दिसेनासा होतो. शीर्षकातलं नाव मात्र जसं छापलं आहे तसंच राहू द्या.

अनुवादित पुस्तकात अनुवादकाला लेखक करून टाकणं हीदेखील नेहमीची चूक. मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव मोठं असलं तरी पहिल्या जागी मूळ लेखकच येतो. अनुवादकाचं नाव शीर्षकानंतर कंसात ‘अनु.’ लावून द्यायचं, आणि मूळ प्रकाशनाचं वर्ष नोंदीच्या शेवटी.

लक्षण: वर्ष चुकतं

जुन्या मराठी पुस्तकांवर नुसता शक छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ‘शके बाराशतें बारोत्तरें’ म्हटलं आहे; १२१२ अधिक ७८ म्हणजे १२९०. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं आणि इसवी सन १ जानेवारीला. म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या काळात, म्हणजे साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनअखेरपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर ‘माघ शुद्ध ५, शके १८४५’ असेल तर वर्ष १९२४ येतं, १९२३ नाही. महिना दिलेलाच नसेल तर ७८ मिळवा आणि छापलेला शकही नोंदीत ठेवा: (शके १८४५ [१९२३]). तुम्ही काढलेला आकडा चौकटी कंसात असला की तो पुस्तकात छापलेला नाही हे वाचकाला कळतं.

दुसरी अडचण ‘आवृत्ती’ या शब्दाची. मजकुरात काहीही बदल नसलेल्या पुनर्मुद्रणालाही मराठी प्रकाशक सर्रास ‘तिसरी आवृत्ती’ म्हणतात. एपीएला हवं असतं ते तुमच्या हातातल्या आवृत्तीचं वर्ष, कारण पृष्ठक्रमांक त्या आवृत्तीतला असतो. श्रेयपानावर प्रथमावृत्ती, द्वितीयावृत्ती, पुनर्मुद्रण अशी यादी असेल तर सर्वांत अलीकडची आवृत्ती घ्या. केवळ पुनर्मुद्रणाची सालं सोडून द्या. प्रकाशकाने ‘आवृत्ती’ हा शब्द सैलपणे वापरला आहे अशी शंका असेल तर प्रस्तावना पाहा. ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’ असं काही नवं लिहिलेलं नसेल आणि पानांची संख्या तीच असेल तर ते बहुधा पुनर्मुद्रणच असतं.

समग्र वाङ्मयातून संदर्भ घेताना दोन्ही वर्षं लागतात. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तुम्ही ती वाचली असेल धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या १९६९ च्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या ग्रंथात. मजकुरात मग (फुले, १८७३/१९६९, पृ. …) असा उल्लेख होतो आणि सूचीत:

फुले, जो. (१९६९). गुलामगिरी. ध. कीर व स. गं. मालशे (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय (पृ. …). महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३)

नुसतं १९६९ लिहिलं तर फुल्यांनी १९६९ मध्ये लिहिल्यासारखं दिसतं. नुसतं १८७३ लिहिलं तर पृष्ठक्रमांक कोणत्याच पुस्तकाला जुळत नाही. संपादकांची नावं मध्येच आल्यामुळे सरळ क्रमाने लिहिली जातात, उलटी नाहीत, हेही वरच्या नोंदीत पाहून घ्या. तिरपा ठसा फक्त ग्रंथाच्या नावाला, आतल्या कृतीला नाही.

लक्षण: ओवी सापडत नाही

ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध यांना पृष्ठक्रमांक देऊन भागत नाही. एकाच ग्रंथाच्या शंभर आवृत्त्या बाजारात असताना ‘पृ. २१२’ला काय अर्थ? अध्याय आणि ओवी, दशक-समास-ओवी, किंवा अभंग क्रमांक द्यावा. पण आकडा दिला म्हणजे काम झालं असंही नाही. ओव्यांची संख्या आणि क्रमांक प्रतीप्रतीत बदलतात, आणि तुकारामांच्या गाथेत तर संपादक बदलला की अभंगाचा क्रमांक पार दुसरीकडे जातो. म्हणून क्रमांकासोबत कोणती संपादित प्रत वापरली हे सूचीत स्पष्ट हवं, आणि गाथेच्या बाबतीत अभंगाचं पहिलं चरणही मजकुरात दिलेलं बरं. दोन वेगळ्या प्रतींतले क्रमांक एकाच प्रकरणात मिसळणं हा यातला सर्वांत वाईट प्रकार. तो होतो, कारण एक अवतरण स्वतः ग्रंथातून घेतलेलं असतं आणि दुसरं कुणाच्या तरी लेखातून उचललेलं असतं.

विश्वकोश, दिवाळी अंक, बातमी

मराठी विश्वकोशातली नोंद वापरली की लेखक म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचं नाव टाकलं जातं. ते प्रमुख संपादक होते. विश्वकोशातल्या बहुतेक नोंदींच्या शेवटी नोंदलेखकाचं नाव असतं, आणि तोच तुमचा लेखक. प्रमुख संपादक खंडाच्या नावाआधी येतात. नोंद संकेतस्थळावरून घेतली असली तरी ती मूळ कोणत्या खंडातली हे नोंदीसोबत दिलेलं असेल तर तेही लिहा. शेवटी सही नसेल तर नोंदीचं शीर्षक पहिल्या जागी येईल.

दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आली आहे, पण एपीएमध्ये त्याला खण नाही. उत्तर आहे ते ऋतूच्या नियमात: नियतकालिकावर महिन्याऐवजी ऋतू छापला असेल तर वर्षानंतर ऋतू लिहायचा. तोच न्याय इथे लावा: (२०१८, दिवाळी). त्यानंतर लेखाचं शीर्षक, अंकाचं नाव तिरप्या ठशात, वर्ष व अंक क्रमांक छापलेला असेल तर तो, आणि पृष्ठं. नियतकालिकावरच्या ‘वर्ष १२, अंक ३’ची नोंद १२(३) अशी होते. ते ‘वर्ष १२’ म्हणजे मासिक निघून किती वर्षं झाली याचा आकडा आहे. तो प्रकाशनवर्षाच्या जागी गेलेला पाहायला मिळतो.

वृत्तपत्रात लेखकाच्या जागी ‘विशेष प्रतिनिधी’ किंवा ‘आमच्या वार्ताहराकडून’ असतं. हे पद आहे, नाव नाही. अशी बातमी निनावी धरून शीर्षक पुढे घ्या. वृत्तसंस्थेचं नाव असेल, जसं पीटीआय, तर ती संस्था लेखक म्हणून चालते. तारीख पूर्ण द्यायची: (२०२१, १४ ऑगस्ट). मोठ्या मराठी दैनिकांच्या पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात आणि त्यांच्यात पानं जुळत नाहीत. छापील पान क्रमांक देत असाल तर वृत्तपत्राच्या नावापुढे चौकटी कंसात आवृत्ती लिहा. नियमपुस्तिकेत याची सक्ती नाही, पण ज्याला ती बातमी पुढे ग्रंथालयात शोधायची आहे त्याचे दोन तास वाचतात.

एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरची बातमी असेल तर तिरपा ठसा वृत्तपत्राच्या नावाला. ज्यांचं दैनिक छापून निघत नाही अशा वृत्तसंकेतस्थळांवर, उदाहरणार्थ बीबीसी मराठी, तिरपा ठसा बातमीच्या शीर्षकाला, आणि स्थळाचं नाव साधं.

शासन निर्णय आणि कायदे

शासन निर्णयाच्या नोंदीत ‘महाराष्ट्र शासन’ लेखक म्हणून घातलं की सूचीत वीस नोंदी एकाच नावाखाली गोळा होतात आणि मजकुरात (महाराष्ट्र शासन, २०१९अ, २०१९ब, २०१९क) अशी रांग लागते. एपीए सांगते की सर्वांत नेमका विभाग हा लेखक आणि वरची संस्था प्रकाशक. म्हणून:

उच्च व तंत्र शिक्षण विभाग. (वर्ष, दिनांक). निर्णयाचा विषय (शासन निर्णय क्र. …/प्र.क्र. …). महाराष्ट्र शासन. लिंक

‘प्र.क्र.’सकट (प्रकरण क्रमांकासकट) संपूर्ण क्रमांक उतरवा. त्यातला एखादा तुकडा गाळला तर निर्णय सापडत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर निर्णयाला जो लांबलचक संकेतांक असतो, तोही जवळ टिपून ठेवा. लिंक मोडली तरी त्यावरून शोध घेता येतो. विषय तीन ओळींचा असेल तर तो पूर्ण द्यायचा, आपल्या शब्दांत संक्षेप करायचा नाही. राजपत्रात इसवी सनाची तारीख आणि राष्ट्रीय पंचांगाची तारीख शेजारी-शेजारी असते; नोंदीत इसवी सनाची पुरे.

कायद्यांत वर्षाची गल्लत होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६ आहे. नावातलं वर्ष वेगळं, क्रमांकाचं वर्ष वेगळं. मजकुरात नावातलं वर्ष येतं आणि सूचीत दोन्ही. न्यायनिर्णयात पक्षकारांची नावं, वर्ष आणि निवाडापत्रिकेचा संदर्भ लागतो: केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, (१९७३) ४ एससीसी २२५. इथे एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निवाडापत्रिका, ४ हा खंड आणि २२५ हे निवाडा सुरू होतो ते पान. पान २२५ वरचं वाक्य असा अर्थ त्यातून निघत नाही.

मुलाखती, व्हॉट्सॲप, व्हिडिओ

वाचकाला जे परत मिळवता येत नाही ते सूचीत जात नाही. फोनवरचं बोलणं, ईमेल, खासगी संदेश, ध्वनिमुद्रण नसलेलं व्याख्यान यांचा उल्लेख फक्त मजकुरात करायचा: आद्याक्षरांसह नाव, ‘व्यक्तिगत संवाद’ आणि पूर्ण तारीख.

संशोधनाचा भाग म्हणून तुम्ही घेतलेल्या मुलाखतींना मात्र हाही नियम लागत नाही. त्या तुमच्याच अभ्यासाची सामग्री आहेत. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात किती जणांशी, कधी आणि कसं बोललात ते सांगा; मजकुरात ‘निवेदक ७’ किंवा बदललेलं नाव वापरा. गावातल्या बाईने गायलेली जात्यावरची ओवी तुम्ही स्वतः उतरवून घेतली असेल तर तीही याच सदरात. छापील संग्रहातून घेतली असेल तर संग्रहाची नोंद हवी.

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर हा स्रोत होत नाही. मूळ कुठलं ते शोधा, सापडलं नाही तर सोडून द्या. ‘फिरणारा मजकूर’ हाच अभ्यासाचा विषय असेल तेव्हाची गोष्ट निराळी.

यूट्यूबवरच्या व्याख्यानात लेखक कोण? ज्याने व्हिडिओ चढवला तो, म्हणजे वाहिनीचं नाव. वक्त्याचं नाव तुमच्या वाक्यात येऊ द्या. मन याला राजी होत नाही, पण वाचक व्हिडिओ शोधणार तो वाहिनीवरून, म्हणून नियम तसा आहे. शीर्षकानंतर [व्हिडिओ] लिहा आणि पृष्ठक्रमांकाच्या जागी मिनिट-सेकंद द्या.

विकिपीडियातला लेख रोज बदलू शकतो. ‘इतिहास’ या कळीवर जाऊन तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्या. पाहिल्याची तारीख लावायची असते ती असा कायमचा दुवा नसलेल्या बदलत्या पानांनाच; पीडीएफ पुस्तकाला आणि बातमीला ती नको. मराठी प्रबंधांत ती सरसकट सगळ्या लिंकांना चिकटवलेली असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून सूची करून घेतली असेल तर एकेक नोंद ग्रंथालयाच्या तालिकेत शोधून पाहा. नाव खरं, प्रकाशक खरा आणि पुस्तक अस्तित्वातच नाही, असा माल त्यातून निघतो. मराठी पुस्तकांच्या बाबतीत जरा जास्तच.

लक्षण: मजकुरातले कंस आणि सूची यांचा मेळ नाही

‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ तळटिपांच्या पद्धतीतले आहेत. एपीएत दोन्हींना जागा नाही. सलग तीन वाक्यं एकाच पानावरून आली असली तरी प्रत्येक वेळी आडनाव आणि वर्ष लिहायचं, किंवा वाक्यरचनेतूनच लेखक तोच आहे हे स्पष्ट ठेवायचं. जुन्या प्रबंधाचा नमुना समोर ठेवून लिहिताना हे शब्द नकळत येतात. शेवटी शोध-आज्ञेने ‘तत्रैव’ शोधा. एक तरी सापडतोच.

लेखक दोन असतील तर दोघांची नावं, मध्ये ‘व’. तीन किंवा अधिक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि ‘व इतर’. सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळी नावं लिहावी लागतात. एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तकं असतील तर वर्षाला अक्षर जोडायचं. ते अ, आ, इ असावं की अ, ब, क यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एक निवडा. अक्षरं शीर्षकांच्या वर्णक्रमाने लागतात, तुम्ही आधी कोणतं वाचलं त्याने नाही.

दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललेलं अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्यासारखं देणं ही चूक परीक्षक लगेच पकडतात, कारण मूळ ग्रंथाचा पृष्ठक्रमांक जुन्या, दुर्मिळ आवृत्तीचा असतो. तुम्ही जे वाचलं तेच सूचीत जातं. मजकुरात मूळ लेखक व वर्ष, मग ‘उद्धृत’ आणि ज्यातून घेतलं त्याचा उल्लेख.

चाळीस किंवा अधिक शब्दांचं अवतरण स्वतंत्र परिच्छेदात, १.२७ सेंटिमीटर आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय येतं. विभक्तिप्रत्यय शब्दांना चिकटत असल्यामुळे मराठीत चाळीस शब्दांत इंग्रजीपेक्षा बरंच जास्त मावतं. तरी मोजणी शब्दांचीच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीनुसार वाङ्मयचौर्यासाठी साम्य तपासताना श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची वगळतात, पण अवतरणाची हद्द स्पष्ट नसेल तर ते साम्यात मोजलं जाण्याचा धोका राहतो.

मेळ तपासायची खात्रीची रीत: सूची कागदावर छापून घ्या. संगणकावर ‘(’ हे चिन्ह शोधत पहिल्या पानापासून पुढे चला. प्रत्येक उल्लेखाची नोंद सूचीत सापडली की तिच्यापुढे टिक करा. शेवटी बिनटिकेच्या ज्या नोंदी उरतील त्या काढून टाका. एपीएच्या सूचीत फक्त उल्लेखिलेलं साहित्य असतं; वाचलेल्या सगळ्याची ती यादी नव्हे.

संगणकाने केलेले घोटाळे

झोटेरोसारख्या, संदर्भ साठवून सूची करणाऱ्या साधनात संस्थेचं नाव दोन खणांत भरलं गेलं तर ‘महाराष्ट्र शासन’चं ‘शासन, म.’ होतं. नावाच्या शेजारची छोटी खूण दाबून एकच खण करा. व्यक्तीच्या नावात आद्याक्षरं टिंबांसह स्वतःच भरा आणि तयार झालेली सूची डोळ्यांनी तपासा. देवनागरी मजकुरात मध्येच रोमन लिपीतलं ‘एट अल’ (‘व इतर’) उमटतं. ते सर्वांत शेवटी, सूची साधनापासून तोडून साधा मजकूर केल्यावर, एकदम बदला. आधी बदललंत तर साधनाने सूची पुन्हा अद्ययावत केली की ते परत येईल.

वर्णक्रमाची कटकट वेगळीच. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर लगेच येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. त्यामुळे संगणक ‘काळे’ला ‘कासार’च्या आधी बसवतो. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरं म्हणून अनुक्रमे क आणि ज खाली जातात. अनुस्वार व्यंजनांच्या आधी येतो, म्हणून ‘कांबळे’ हे ‘काणे’च्या वर सरकतात. मराठीत क्ष-ज्ञ शेवटी घेण्याची आणि क-ज खाली घेण्याची, दोन्ही चाली प्रचलित आहेत. एक धरा आणि सूचीच्या आरंभी एका ओळीत सांगा. वर्डच्या क्रमवारीत पर्यायांमध्ये भाषा निवडता येते. तरी शेवटचा हात आपलाच फिरवावा.

‘कऱ्हाडकर’, ‘गोऱ्हे’ यांतला र आणि ‘ॲ’ हे अक्षर टंकण्याच्या दोनदोन रीती आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून शोधलं तर सापडत नाही आणि एकच आडनाव दोन जागी लागतं. एक रूप कॉपी करून तेच सर्वत्र चिकटवा. विसर्गाचंही तसंच: अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकला की ओळ छापील दिसते बरी, पण शीर्षक आणि उपशीर्षक जोडले जातात.

डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) आणि लिंकांमधले आकडे कधीही देवनागरीत करू नका. सगळे अंक एका आज्ञेने देवनागरी करताना लिंका मोडतात. लिंक नेहमी पत्त्याच्या पट्टीतून तशीच उचला. शोधगंगेसाठी पानाच्या पत्त्याऐवजी १०६०३ ने सुरू होणारा हँडल (कायमचा दुवा) द्या, तो जास्त टिकाऊ असतो.

तिरप्या ठशाबद्दल एक. देवनागरीचे बरेचसे फॉन्ट खरे तिरपे नसतात, संगणक सरळ अक्षर वाकवतो, आणि काही फॉन्टांत वरच्या मात्रा शेजारच्या अक्षरावर आपटतात. वाचायला त्रास होत असेल तर ठळक ठसा वापरायला विद्यापीठाची परवानगी आहे का ते विचारा. एका सूचीत दोन्ही नकोत.

नोंदीची दुसरी ओळ आत सरकवण्यासाठी एंटर आणि टॅब मारत बसलात तर मार्जिन बदललं की सगळं विस्कटतं. वर्डमध्ये सगळ्या नोंदी निवडून कंट्रोल आणि टी एकदम दाबा. नोंदींना क्रमांक द्यायचे नाहीत.

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टातून आणलेल्या नोंदी फॉन्ट बदलताच रोमन अक्षरांचा चिवडा होतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकेक तपासा. ‘र्व’ आणि ‘व्र’ यांची अदलाबदल या रूपांतरात वारंवार होते.